हाकेला ओ कोण देतंय?

प्रश्न : आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि सासरे असं आमचं चौघांचं घर. चौघांच्या हातात चार फोन. नवऱ्याशी दिवसभर मेसेजवर बोलणं होतं, पण घरी आल्यावर दोघंही गप्प, आणि बोललोच तर भांडण. मुलीने तिचे स्टेटस मला दिसू नयेत अशी सोय करून ठेवली आहे, हे मला परवा कळलं. कुटुंबाच्या ग्रुपवर मी नणंदेच्या फोटोंवर काही लिहिलं नाही, म्हणून तिने तीन महिने अबोला धरला आहे. सगळ्यांनीच सोशल मीडिया बंद केला तर घर पुन्हा पहिल्यासारखं होईल का?

उत्तर : नाही होणार, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांनी मिळून ॲप काढून टाकायचा प्रयोग माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांनी करून पाहिलेला असतो. पहिले तीन-चार दिवस उत्साहात जातात. मग कुणीतरी बाथरूममध्ये जरा जास्तच वेळ काढायला लागतं. आठवड्याने कुणाचं तरी कामाचं निमित्त निघतं, आणि महिन्याभरात फोन परत आलेला असतोच, शिवाय सोबत चोरून बघणंही आलेलं असतं.

कुटुंबांचं समुपदेशन करायला लागून मला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला बायका सांगायच्या, ‘हे टीव्हीसमोरून हलत नाहीत.’ आता म्हणतात, ‘हे फोनमधून मान वर काढत नाहीत.’ तक्रारीचा सूर तोच आहे. म्हणून मी आधी विचारते, की फोन नसता तर त्या वेळात तुम्ही एकमेकांशी काय बोलला असता? या प्रश्नावर बहुतेक जोडपी गप्प होतात. कधीकधी एखादा म्हणतो, ‘बोललो नसतो, भांडलो असतो.’ हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. काही घरांत फोन हे भांडणाचं कारण नसतंच. भांडण टळावं म्हणून दोघांनी शोधलेला तो आडोसा असतो. आडोसा काढून घेतला की मागे जे काही आहे ते उघडं पडतं, आणि त्याची तयारी कुणी केलेली नसते.

म्हणून फोन निर्दोष ठरतो असं मात्र नाही. पूर्वी घरात कुणी पेपर वाचत बसलं असेल तर तो पेपर वाचतोय हे सगळ्यांना दिसायचं. कुठलं पान चाललंय, किती उरलंय, हेही कळायचं. त्यामुळे हाक कधी मारायची याचा अंदाज असायचा. फोनचं तसं नाही. माणूस बँकेचं काम करत असो, साहेबांना उत्तर देत असो, जुन्या मैत्रिणीशी बोलत असो की नुसत्या रील्स सरकवत असो, समोर बसलेल्याला दिसते ती फोनची काळी पाठच. काय चाललंय ते कळत नाही, की मग मन स्वतःच अंदाज बांधतं, आणि दुखावलेलं मन चांगला अंदाज बांधत नाही. त्यात पेपरला शेवटचं पान असायचं. २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना मांडली. पुढे ती सगळीकडे रुळली, आणि रास्किन यांनी स्वतःच नंतर तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. ‘एवढं संपवून येतो’ या वाक्याला तेव्हापासून अर्थच उरलेला नाही, कारण संपत काही नाही.

आता तुमच्या दोघांकडे येते, कारण बाकीच्या दोन गाठी त्यामानाने लवकर सुटतील.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांना एका घरासारख्या प्रयोगशाळेत राहायला बोलावलं आणि त्यांच्या बारीकसारीक वागण्याची नोंद ठेवली. त्याचं लक्ष मोठ्या भांडणांइतकंच किरकोळ वाक्यांकडे होतं. ‘बाहेर बघ, काय पक्षी आहे!’ असं एकाने म्हटलं, तर दुसरा बघतो का? मी याला हाक म्हणते. हाकेत मागणी काहीच नसते, ‘जरा इकडे ये’ एवढंच असतं. सहा वर्षांनी त्याने पुन्हा तपासलं, तेव्हा लग्न टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा ओ दिली होती, विभक्त झालेल्यांनी सुमारे ३३ टक्के वेळा. हा आकडा मी जोडप्यांना सांगते तेव्हा ते लगेच मोठ्या भांडणांचा हिशोब काढायला लागतात. मी त्यांना काल संध्याकाळचं आठवायला सांगते. कुणी काय म्हणालं आणि त्यावर ‘हं’ आलं की मान वर झाली?

फोन हातात असताना येणारा ‘हं’ तुम्हीही ओळखता. तो ऐकल्याचा नसतो, आवाज पोचल्याचा असतो. पाच-सहा हाका अशा वाया गेल्या की माणूस हाक मारायचं सोडून देतो आणि स्वतःचा फोन उचलतो. मग एकमेकांशेजारी दोघं गप्प बसतात आणि प्रत्येकाला वाटतं की सुरुवात दुसऱ्याने केली.

तुमच्या पत्रातली ‘दिवसभर मेसेजवर बोलतो’ ही ओळ मला महत्त्वाची वाटली. दिवसभराच्या त्या मेसेजमध्ये काय असतं? किल्ली कुणाकडे, किती वाजता निघणार, मुलीच्या फीचं काय झालं, आणि मधेच एखादी गंमत. गंमत अकरा वाजता घडली, तुम्ही अकरा वाजून दोन मिनिटांनी पाठवली, त्याने हसणारा चेहरा पाठवला. ती तिथेच संपली. रात्री सांगायला गेलात तर तो म्हणणार, ‘हो, पाठवलंस ना मगाशी.’ दिवसभराचं सगळं सुटं करून खर्च केलेलं असतं, संध्याकाळी खिसा रिकामा. घरी बोलायला उरतात ते फक्त मेसेजवर न मावणारे विषय, म्हणजे पैसे, सासर-माहेर, मुलीची काळजी. सगळे जड. म्हणून ‘बोललोच तर भांडण’. माझ्याकडच्या एका जोडप्याने यावर स्वतःच शोधलेला उपाय मला फार आवडला. दिवसातली एक गोष्ट मेसेज करायची नाही, राखून ठेवायची. ती बाई मला म्हणाली, ‘आता मी दुपारपासून वाट बघते, कधी एकदा सांगते म्हणून.’ लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई हे म्हणत होती.

लेखी शब्दाची दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपण ‘बरं’ हा शब्द घेऊ. मराठीत ‘बरं’ किती तऱ्हांनी म्हणता येतं बघा. पटलं म्हणून म्हटलेलं बरं. ‘मग पुढे काय झालं?’ अशा अर्थाचं, शेवटी वर जाणारं बरं. आता विषय बंद, असं खाली आपटलेलं बरं. तुझ्यापुढे हात टेकले, असं लांबवलेलं बरंऽऽ. आवाज काढून टाकला की ही सगळी ‘बरं’ पडद्यावर एकसारखीच दिसतात.

एका जोडप्याचं आठवडाभराचं भांडण मी खोलीत मोठ्याने वाचायला लावलं होतं. प्रत्येकाने आपापले मेसेज वाचायचे, लिहिताना जो सूर मनात होता त्या सुरात. तिने वाचलं, ‘आज यायला उशीर होईल, आईंना दवाखान्यात तू नेशील का?’ त्याने वाचलं, ‘बरं.’ त्याचा सूर ‘हो, नेतो की’ असा होता, अगदी सरळ. ती माझ्याकडे बघायला लागली. आठवडाभर तिच्या कानात ते ‘बरं’ दुसऱ्याच आवाजात वाजत होतं. तो लिफ्टमध्ये होता, दुसऱ्या हातात पिशव्या होत्या, अंगठ्याने जेवढं जमलं तेवढं त्याने लिहिलं. लिफ्ट काही मेसेजमध्ये दिसत नाही. त्या एका ‘बरं’च्या पुढे त्यांनी एकमेकांना त्रेचाळीस मेसेज लिहिले होते, ते मी मोजले.

यात दोघांचाही दोष नाही. २००५ मध्ये क्रूगर आणि एप्ली यांच्या चमूने याच गोष्टीवर प्रयोग केले. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने पाठवायची, आणि समोरच्याने सूर ओळखायचा. पाठवणाऱ्यांना वाटत होतं की सुमारे ७८ टक्के वेळा सूर बरोबर ओळखला जाईल. आवाजातून तो जवळपास तितका ओळखलाही गेला. ईमेलमधून मात्र सुमारे ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी फार फरक पडला नसता. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज आतून ऐकू येत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू जातोय असंच त्याला वाटत राहतं.

म्हणून माझ्याकडचा एक नियम मी सगळ्यांना देते, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. नाराजी लिहायची नाही. वाचताना छातीत काही टोचलं तर पहिला मेसेज जाऊ द्या, दुसराही जाऊ द्या, तिसऱ्याच्या जागी फोन लावायचा. फोन लावणं शक्य नसेल तर ‘रात्री बोलू, आत्ता नको’ एवढंच लिहायचं आणि रात्री खरंच बोलायचं. ‘रात्री बोलू’ म्हणून विसरून जाणाऱ्यांचं पुढे जास्त बिघडतं. लिहून डिलीट करणाऱ्यांनाही एक सांगते. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ मूळ मेसेजपेक्षा जास्त लागते. मूळ मेसेजला निदान मर्यादा होती, कल्पनेला ती नसते.

लास्ट सीन आणि निळ्या टिकांचंही तेच. व्हॉट्सॲपने निळ्या टिका २०१४ मध्ये आणल्या. त्या फक्त मेसेज उघडला एवढंच सांगतात. उघडणारा गाडीत होता, मीटिंगमध्ये होता, की उत्तर देताना शब्द सापडेना म्हणून थांबला होता, ते सांगत नाहीत. रात्री दीड वाजता नवऱ्याचं लास्ट सीन तपासणाऱ्या बाया (आणि पुरुषही, कमी नाहीत) माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, तुम्हाला शंका असेल तर विचारा, पाळत ठेवू नका. पाळतीतून काही सापडलं तरी नातं हातचं जातं आणि नाही सापडलं तरी जातं. एकमेकांचे पासवर्ड माहीत असण्याला माझी हरकत नाही. रोज उघडून बघायला आहे.

आता मुलीचं. तिने स्टेटस लपवलं याचं तुम्हाला दुःख झालं, पण धक्का बसू नये. चौदाव्या वर्षी खोलीचं दार लावून घेणं जसं स्वाभाविक, तसंच हे. पण मी तुम्हाला उलटा प्रश्न विचारते. तिच्याबद्दलचं काय काय तुम्ही तुमच्या स्टेटसवर आणि ग्रुपवर टाकता?

हे विचारण्याचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वी याच वयाची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. आईची तक्रार होती की ती काहीच सांगत नाही. मी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली आणि मग म्हणाली, ‘मी आईला सांगितलं की ते पाच मिनिटांत मावशीला माहीत असतं.’ दातांना तार लावली त्या दिवशी ती आरशासमोर रडली होती. संध्याकाळी तो फोटो ‘माझी शूर बाळ’ असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. त्रेसष्ट जणांच्या. आईने प्रेमाने टाकला होता, याबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण मुलीसाठी आई त्या दिवशी घरातली राहिली नाही, वार्ताहर झाली.

मुलांच्या फोटोंचा प्रश्न नुसता भावनेचा राहिलेला नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या प्रतिमेचं रक्षण ही आईवडिलांचीच जबाबदारी ठरवली, आणि मुलाचं वय आणि समज बघून त्यालाही या निर्णयात धरायचं असं म्हटलं. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. आजच मुलीला जवळ बसवा, तुमच्याकडचे तिचे जुने फोटो दाखवा आणि म्हणा, ‘यातले कुठले काढू?’ ती म्हणेल ते काढा. ‘हा तर किती गोड आहे’ असं म्हणायचं नाही, जीभ आवरायची. तिच्या स्टेटसबद्दल मात्र एक शब्दही काढू नका. ते उघडलं तर तिच्या मर्जीने उघडेल.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी प्रत्येक घरात म्हणायला लावते, तीही मोठ्याने, मुलासमोर. ‘फोनवर तुझ्याशी कुणी वाईट वागलं, धमकी दिली, नको ते मागितलं आणि तू मला येऊन सांगितलंस, तर मी तुझा फोन काढून घेणार नाही.’ मुलं छळ का लपवतात याचं सर्वांत साधं कारण हेच असतं. छळापेक्षा त्यांना फोन जाण्याची भीती जास्त असते, कारण फोन गेला की सगळी मैत्रीच गेली. धमकावणाऱ्यालाही हे माहीत असतं. तसं काही घडलंच तर मेसेज पुसू नका, जपून ठेवा, आणि पोलिसांकडे जायला लाजू नका.

मुलीच्या बाबतीत एक प्रयोग मला कायम आठवतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावून चांगलंच ताणाखाली आणलं. मग काहींना आई भेटली, काहींनी आईचा आवाज फोनवर ऐकला, काहींना आईचे मेसेज आले आणि काहींना काहीच नाही. आवाज ऐकलेल्या मुलींचा ताण आई भेटलेल्या मुलींसारखाच उतरला. मेसेज मिळालेल्या मुलींच्या शरीरातला ताण मात्र आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींइतकाच राहिला. शब्द आईचेच होते. म्हणून परीक्षेच्या दिवशी ‘ऑल द बेस्ट’ टाईप करण्याऐवजी वीस सेकंद फोन करा. ती ‘हो गं’ म्हणून ठेवून देईल. देऊ दे.

नणंदेचं प्रकरण मला वाटतं थोडक्यात आटपेल. कुटुंबाचा ग्रुप हे घर नाही, ती भरलेली बैठक आहे. घरात दोघींमध्ये जे चालून गेलं असतं ते बैठकीत अपमान होतं, कारण बघणारे असतात. कुणी कुणाच्या फोटोला काय लिहिलं आणि कुणाला नुसता अंगठा दिला याचा हिशोब सगळेच मनात ठेवतात, बोलत कुणी नाही. त्यात एक तांत्रिक बारकावा लोकांना माहीत नसतो. तुम्ही निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत. मेसेजची माहिती उघडली की कुणी वाचला ते नावानिशी दिसतं. म्हणजे तुम्ही फोटो पाहिलेत आणि काही बोलला नाहीत, हे तिने बहुधा पाहिलेलं आहे. ‘मी पाहिलेच नव्हते’ ही सबब तेवढी सांगू नका. ग्रुप सोडायचा विचार असेल तर तोही आत्ता नको. २०२२ पासून ग्रुप सोडल्याचं फक्त ॲडमिनला कळवलं जातं खरं, पण गेलेल्यांची नावं पुढचे काही आठवडे कुणालाही बघता येतात. अबोला चालू असताना बाहेर पडलात की त्याचा एकच अर्थ काढला जाईल.

सासऱ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, चौघांत मोजलं फक्त. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, पण सत्तरीच्या पुढचे पुरुष दिवसाला वीस-वीस फॉरवर्ड पाठवतात तेव्हा ते माहिती पाठवत नसतात. सकाळचा ‘सुप्रभात’ ही हजेरी असते : मी उठलोय, मी आहे. सगळ्यांनी त्यांना म्यूट केलेलं असतं आणि ते त्यांना हळूहळू कळत असतं. फॉरवर्ड खोटं असेल तर ग्रुपवर दुरुस्त करू नका, चारचौघांत सुनेने खोटं पाडलेलं कुठल्या सासऱ्याला आवडेल? शेजारी बसून सांगा. आणि रोजच्या सुप्रभातला रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा खोलीत जाऊन ओ द्या.

एवढं सगळं वाचून मी फोनच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. शास्त्रज्ञांमध्येही यावर एकमत नाही. ऑर्बेन आणि प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये किशोरवयीन मुलांच्या प्रचंड मोठ्या पाहण्या तपासल्या, तेव्हा डिजिटल वापर आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध निघाला, पण तो फार बारीक होता. सरासरीत बरंच झाकलं जातं, हेही खरं. माझ्या अनुभवात फोनने जोडलेली नातीही आहेत. अकरा वर्षं एकमेकांशी न बोललेले बाप-लेक मी पाहिलेत. मुलाने एक दिवस जुन्या स्कूटरचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. वडिलांनी गाडीचा नंबर लिहून पाठवला, पाठ होता त्यांना. पुढे चार महिने ते फक्त गाड्यांचे फोटो एकमेकांना पाठवत होते, आणि मग एकदा वडील म्हणाले, ‘ये कधीतरी.’ समोरासमोर बसवलं असतं तर दोघंही दहा मिनिटांत उठून गेले असते. हाक आणि ओ फोनवरूनही होते. फक्त तो फोटो पाठवल्यावर मुलगा घरी गेला, हेही लक्षात घ्या.

तर सुरुवात कुठून करायची? तासांचा हिशोब करू नका. त्याने घरात परीक्षक तयार होतो, बहुतेक वेळा तुम्हीच. पहिले दोन आठवडे फक्त एक सवय लावा, आणि ती तुम्ही दोघांनीच, मुलीला सांगायचंही नाही. दुसरं माणूस समोर असताना फोन उचलला की काय करताय ते तोंडाने बोलायचं. ‘ऑफिसचं एक उत्तर देते, पाच मिनिटं.’ ‘काही नाही, उगाच बघतोय.’ फोनची काळी पाठ एवढ्याने पारदर्शक होते. ‘उगाच बघतोय’ हे दिवसात आठ वेळा स्वतःच्या तोंडाने म्हटलं की नवव्यांदा माणूस आपोआप फोन ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात जेवताना आणि झोपण्याआधीचा अर्धा तास चार्जर खोलीबाहेर ठेवायला सुरुवात करा. मुलगी आपणहून येईल असं नाही, पण आपल्याला वगळून हे काय चाललंय ते बघायला नक्की येईल.

आणि नणंदेला आज संध्याकाळी फोन करा. फोटोंचा विषय तुम्ही काढू नका. तिच्या तब्येतीचं विचारा, मुलांचं विचारा. तीन महिन्यांचा राग आहे, ती पहिली दोन मिनिटं तुटक बोलेल. मग कधीतरी तीच म्हणेल, ‘तू काही लिहिलं नाहीस गं.’ तेव्हा ‘चुकलंच माझं’ म्हणा, आणि त्या फोटोंमधल्या एकाबद्दल काहीतरी नेमकं सांगा. त्यासाठी फोन लावण्याआधी ते फोटो पुन्हा एकदा नीट बघून ठेवा.